टिंबाचा पाच

प्रिय इंदू,

तू अबोलीला लिहिलेली चिठ्ठी तिने मला वाचून दाखवली. म्हणे, "ऑपरेशननंतर आवाज उरला नाही, माझ्या बातम्यांची टेप कुणाकडे नाही, तेव्हा तुझ्या संग्रहातून माझं नाव गाळ." ऐकून मी संतापलेच. बाई, दिल्लीहून रेडिओवर मराठी बातम्या जायच्या त्या दिवसांची गोष्ट तुला गाळून सांगायची, म्हणजे मिठाशिवाय वरण वाढायचं.

माझी ही नात गुरुग्रामला नोकरी करते आणि सुट्टीला मोबाइल घेऊन म्हाताऱ्यांच्या दारोदार रेडिओच्या आठवणी रेकॉर्ड करत हिंडते. नाव अबोली आणि उद्योग सगळ्यांना बोलतं करायचा! पण पोरीचं मराठी दिल्लीत वाढलेलं. 'चार-पाच' म्हणताना दोन्ही 'च' हिंदीतले. टोकलं तर म्हणाली, "आजी, यार, लिहितात तर सेमच."

तेव्हा मला ते पोस्टकार्ड आठवलं. तू ग्वाल्हेरहून नुकती आलेली, पहिल्याच आठवड्यात 'पाच गाड्या रद्द' असं वाचलंस आणि साताऱ्याच्या एका मास्तरांनी कळवलं, बाई, 'पाच' असं म्हणू नये, 'पाच' असं म्हणावं. कागदावर दोन्ही पाच हुबेहूब! आपण कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसून हसून बेजार झालो. मग मी जीभ दातांना टेकवून म्हणून दाखवलं, तेव्हा कुठे मास्तरांचं म्हणणं उमगलं. त्या दिवसापासून मी भाषांतर करून दिलेल्या प्रत्येक बातमीवर तू लाल पेन्सिलीने टिंबं द्यायला लागलीस, जिथे जीभ दातांना लागते त्या अक्षराखाली. पुढे त्याच मास्तरांनी कळवलं, की ते वर्गातल्या मुलांना तुझ्या बातम्या ऐकायला सांगतात. तू लाजत बसलीस. ते कार्ड साऱ्या विभागात मिरवलं मीच.

अबोलीला मी तीच टिंबं देऊन शिकवलं. फार चिडली, पण सोडलं नाही. गेल्या रविवारी इथे गाझियाबादला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तिने आठवणींचा कार्यक्रम केला. सुरुवातीला आपल्या वेळच्या धाटणीची एक बातमी वाचली, मीच रचलेली, चार-पाच जागांच्या निवडणुकीची. समोर गुणवंत देशकर डोळे मिटून बसले होते. दिल्लीतल्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, तरुणपणी अकोल्यात आपल्या बातम्या ऐकलेले. वाचन संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "ही इंदुमतीबाईंची कोण?"

तोवर तुझं नाव कुणी घेतलंही नव्हतं, इंदू. मला तिथेच रडू फुटलं. नातीचा अभिमान वाटला, पण त्याहून जास्त तुझा. टेप नाही म्हणतेस, आणि हे गृहस्थ तुझा 'पाच' इतकी वर्षं कानात घेऊन दिल्लीत राहिले.

हे पत्र एवढ्यासाठीच. तुझी गोष्ट तू लिहून पाठव, अबोली ती वाचून रेकॉर्ड करणार आणि संग्रहाची सुरुवात तुझ्याच गोष्टीने होणार. सध्या खरी अबोली तूच झाली आहेस, तर बोलण्याचं काम माझ्या नातीवर सोड. सोबत लाल पेन्सिल पाठवते आहे. टिंबं मात्र तूच दे. पोरीला आता वाचता येतात.

तुझी, अजूनही तुझ्यासाठी बातम्या लिहायला तयार असलेली,
कुमुद