चार कोरी पानं

२ सप्टेंबर, रविवार
यंदाच्या दोन चित्रकथा टेबलावर. छापायची एक. दरसाल एकच. बाकी वर्षभर मशीन चालतं ते लग्नपत्रिका आणि सोसायट्यांच्या अहवालांवर. दुष्काळामुळं पत्रिका निम्म्यावर आल्या. अहवाल मात्र येतातच. तोटा छापायलाही कागद तेवढाच लागतो.

पहिली जाधव गुरुजींची, किल्लेदाराचा घोडा. अठ्ठेचाळीस पानं, पूर्ण. आयाळीचा केस न् केस वेगळा दिसतो. स्टँडवर पाट्या रंगवायचो तेव्हा ब्रश धरायला मला ह्यांनीच शिकवलं. त्यांच्या पाच आजवर छापल्या. डोळ्यांचं सगळ्यांना माहीत, बोलत कुणी नाही. मधोमध डाग, कडेनं तेवढं दिसतं. मान वाकडी करून हा घोडा काढलाय. म्हणाले, "ही शेवटची, शिवा. आता हात थांबवतो."

दुसरी लिंबागणेशजवळच्या वस्तीवरल्या रुक्मिणबाईंची. बारा वर्षं ऊसतोडीला गेल्या, आता अंगणवाडीत मदतनीस. दोघी जावा आणि त्यांची सासू विहीर खोल करतात, एवढीच गोष्ट. चौकटीच्या वहीत, साध्या पेनानं. चव्वेचाळीस पानं. शेवट नाही.
"शेवट कुठंय, बाई?"
"विहीर चालू हाय की अजून. पाणी लागलं की काढते."
विहीर खरीच आहे. त्यांचीच.

५ सप्टें.
मांजरसुंब्याच्या ढाब्यावर दोन्हींच्या झेरॉक्स दोरीला टांगून आलो. जुनी रीत. पानं टांगायची, बाजेवर पाठ करून बसायचं, चहा लांबवायचा, ऐकायचं. आपलं तोंड दिसलं की लोक गोड बोलतात.

माझं गिऱ्हाईक ऊसतोडीचं. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, मुकादम गठ्ठा उचलतो, आणि पुस्तक फडावरल्या कोपीकोपीतून, झोपडीझोपडीतून फिरत राहतं. म्हणून कस एकच, सहा महिने पुरलं पाहिजे. एका साली शहरातल्या चित्रकाराचं छापलं. त्याच्या हिरोनं ऊस गुडघ्याएवढा सोडून वरून तोडला. साखर सगळी बुडात, आणि हा बूड शेतात ठेवून मोळी बांधतोय. लोक अजून विचारतात, "पेंटर, त्या हिरोला ठिवलंय का काढला मुकादमानं?"

९ सप्टें., रवि.
दिवसभर ढाब्यावर.
घोड्यापुढं गर्दी. "काय घोडा हाय राव, आता उधळंल." "हात लई तयार हाय ह्या मानसाचा." सात जणांनी वाखाणला. दुसऱ्या पानाकडं मात्र एकही सरकला नाही. माझा अनुभव असा की चित्र झ्याक म्हणाले की पुस्तक पडलं. मंग फुडं? असं विचारलं की उभं राहिलं.

विहिरीच्या चित्रांना कुणी चांगलं म्हटलं नाही. तिथं भांडण.
ट्रकवाला: "सासू काठावर बसून नुस्तं तोंड चालिवती."
एक बाई, डोक्यावर बोचकं तसंच: "मंग काय करावं तिनं? तिला बोलायच्या नादात त्या दोघी एकमेकीशी भांडायचं इसरल्यात, ते दिसंना का तुला?"
"पन तिथं पाणी न्हाई लागायचं. काळा पाषाण हाय."
"तू कावून सांगतो बे? तुझा बाप पाणाड्या व्हता का?" हा दुसरा.
शेवटच्या पानाला सगळे थांबले. एकानं कागद उलटून मागं बघितलं. कोरा. मग दोरीच्या पलीकडं जाऊन बघून आला.

इथं लिहायला हरकत नाही, घोडा मी मुद्दाम पंख्याखाली टांगला होता, वाऱ्याला माणसं थांबतात तिथं.

१२ सप्टें.
गुरुजींचा फोन. "काय म्हणतेत लोक?"
"घोडा लई आवडला."
खरंच होतं ते.
"मग पुढं?"
त्यांनी नेमकं हेच विचारावं. रेंज नाही म्हणालो. चारही कांड्या होत्या.

१६ सप्टें., रवि.
दगडू मुकादम प्रेसवर. माझे निम्मे गठ्ठे हाच उचलतो. "पेंटर, आवंदा दसऱ्याची वाट न्हाई. हितल्या सहकारी कारखान्याचं धुराडं पेटत नसतंय, ऊसच न्हाई कुठं. कर्नाटकात चाललो. तीस तारखेला गाड्या भरायच्या."
म्हणजे दोन आठवडे. गुरुजींचं तयार पडलंय. विहिरीला शेवट नाही.
"कोन्तं छापताव?"
"बघू."
"कोपीत मानसं भांडली पायजेत, बघा. घरची याद येत न्हाई मंग."

१७ सप्टें.
वस्तीवर जाऊन आलो. विहीर नऊ परस, पन्नासेक फूट खोल गेलीय, खाली एवढीशी चिमणीएवढी माणसं. सासू काठावर, पुस्तकातल्यासारखीच बसलेली. मला बघून म्हणाली, "ह्योच का छापनार? माजं नाक येवढं न्हाई म्हनावं हिला."
रुक्मिणबाईंना म्हटलं, चार पानांत पाणी लागल्याचं दाखवून टाका. वाचणारा खूश.
"आन् न्हाई लागलं तर? माझा दीर दगडू मुकादमाच्याच टोळीत चाललाय, दादा. कोपीत बसून वाचंल, घरी पाणी लागलं म्हणून. फोन करंल, गूळ वाटंल. मंग मी काय सांगू?"
"बरं, नाही लागलं असं काढा."
हे सासूनं ऐकलं. कान माझ्यासारखे. "व्हय, लेखी द्या की मंग. पाणी न्हाई म्हनून सही-शिक्क्यासकट. द्येवाला वाचता येतंय."
तिघंही हसलो. खालून दुसरी सून ओरडली, काय झालं म्हणून.

येताना मोटरसायकलवर गणित. मशीनवर एका वेळी छापायचा फॉर्म सोळा पानांचा. तीन फॉर्म, अठ्ठेचाळीस. बाईंची चव्वेचाळीस. चार पानांचा कागद फुकट जाणार, नाहीतर...

१९ सप्टें.
ठरलं. विहीर. शेवटची चार पानं चौकटी आखून कोरी. ज्यानं त्यानं भरावीत. कुणी पाणी काढील, कुणी सासूला आत ढकलील. सहा महिने पुरतंय.
कमलला सांगितलं. नवऱ्याचा धंदा तिला चांगला ठाऊक. "आन् किंमत पुरी घेनार?"
"पुरी."
"कोऱ्या पानाची?"
"तीच जास्त दिवस टिकतील."
जेवताना एकटीच हसत होती. झोप छान लागली. गुरुजींना सांगायचं राहिलंय.

२१ सप्टें.
सांगितलं. फोनवर सांगणं बरं नव्हतं, घरी गेलो.
"यंदा विहीर छापतोय, गुरुजी."
"त्या बाईचं झालं का पुरं?"
"न्हाई. चार पानं कोरी सोडतोय."
काकूंनी चहा ठेवला.
"कोरी छापतोस. माझी भरलेली न्हाईत."
त्यात राग असता तर सोपं गेलं असतं. घोडा पुढच्या साली, असं म्हणायला गेलो, अर्ध्यात थांबलो. चहावर साय आली.

३० सप्टें., रवि.
गाड्या भरल्या. पेट्या, पत्रे, कोंबड्या, दोन म्हाताऱ्या, आणि ड्रायव्हरच्या मागं आमचे गठ्ठे. छपाई सुरेख आलीय, पेनाची कच्ची रेघ काळ्या शाईत अशी उठून दिसेल वाटलं नव्हतं. एका बाईनं तिथंच प्रत उघडली, थेट शेवटाला.
"पेंटर, हितं छापायचं राह्यलं तुमचं."
"तुमी काढायचं ते."
"मला काढता आलं असतं तर ऊस तोडाया गेले असते व्हय?"
सगळी ट्रॉली हसली. पण माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं तिनं. दिलं नाही परत.
झकास दिवस.

४ ऑक्टो.
घोड्याची पानं परत द्यायला गुरुजींकडं. नीट कापडात बांधून नेली. सोबत विहिरीची एक प्रत. म्हणाले, "वाच."
वाचायचं म्हणजे चित्रं सांगायची. कोण कुठं उभं, कुणाच्या हातात काय. तास-दीड तास. मधे मधे अडवायचे.
"सासू कुणीकडं बघती?"
"डावीकडं, सुनांकडं."
"मग बरोबर."
एकदा हसले. चव्वेचाळिसाव्या पानाला मी थांबलो.
"पाणी लागलं का?"
"कालपर्यंत नुसती ओल होती. आज फोन नाही."
"हं. आता कोरं का?"
"हो."
"चौकटी किती?"
"पानाला सहा."
"शेवटच्या पानाला सहा करत नसतेत रे. तिथं एकच लागती, मोठी."
चूकच झाली. मान्य केलं. प्रत त्यांनी उशाला ठेवून घेतली.

कापडातल्या पानांना हात लावला नाही, विषयही काढला नाही. मीही नाही. निघालो तर काकू तो गठ्ठा घेऊन फाटकापर्यंत आल्या आणि गाडीच्या हँडलला अडकवला. आता इथं प्रेसमध्ये, वरच्या फळीवर ठेवलाय. काकूंच्या मनानं दिला की गुरुजींच्या, विचारलं नाही.