पैलवानाची छाती

प्रिय अहो,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून लगेच घाबरू नका. तुमचा फोन वाजला की खाणीवरच्या तुमच्या खोलीतले सगळे कान टवकारतात, आणि इकडे सासूबाई नेमक्या माझ्या पाठीशी येऊन बसतात. मग आपलं जेवण झालं का आणि हवा कशी आहे यापुढे बोलणं सरकतच नाही. तुमचा सोबती सुट्टी संपवून निघालाय, त्याच्या हाती हे देतेय.

तुम्ही धूळ येते म्हणून खिळे ठोकून बंद केलेली खिडकी मी उघडली. सासूबाई चिडल्या, पण दवाखान्यातल्या सिस्टरनी सांगितलंय की खोलीत वारा खेळायला हवा. आपल्या लेकीला, बडबडीला टीबी झालाय. फोनवर मी नुसता ताप म्हणत होते. तिची बडबड पार बंद झाली तेव्हा मी तिला उचलून दवाखाना गाठला. आता गोळ्या सुरू आहेत. त्या ती जिभेखाली लपवते आणि मी वळले की थुंकते, म्हणून तोंड उघडून दाखवल्याशिवाय मी सोडत नाही. कालपासून पुन्हा प्रश्न विचारून डोकं खातेय, आणि मला ते गाण्यासारखं वाटतंय.

सिस्टर म्हणाल्या, एवढ्याशा पोरीला हे बहुतेक घरातल्याच मोठ्या माणसाकडून येतं. सासूबाईंची आणि माझी तपासणी झाली, दोघींच्या छात्या साफ. घरात आणखी कुणी खोकतं का, असं त्यांनी विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमचे हे खाणीत आहेत, दर वर्षी छातीचा फोटो निघतो, एकदम स्वच्छ. घरी परतताना रस्त्यातच पाय थबकले.

मागच्या सुट्टीत तुम्ही तुमच्या खोलीतल्या पैलवानाची गंमत सांगितली होती. खोलीत त्याचीच छाती धड, म्हणून ज्याला खोकला त्याचा खाणीचा नावाचा बिल्ला गळ्यात अडकवून तो फोटोला उभा राहतो. एका पैलवानाच्या छातीवर अख्ख्या खोलीची नोकरी चाललीये, असं म्हणून तुम्ही हसलात. या वर्षी माझ्यासाठीही तोच गेला, म्हणालात. हसता हसता ढास लागली, अंगणात जाऊन आलात. मीही हसले होते हो. बडबडी तेव्हा तुमच्या छातीवर डोकं ठेवून झोपली होती.

आता दुसरं. आमचं रक्तही तपासलं. बडबडीचं चांगलं निघालं. माझ्या रक्तात एचआयव्ही आहे. माझ्याही गोळ्या सुरू झाल्यात, पिठाच्या डब्यामागे ठेवते, सासूबाईंना अशक्तपणाच्या म्हणून सांगितलंय. रोज घेतल्या तर म्हातारी होईन म्हणे. या घराबाहेर मी कुठं गेले नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी हातातली कळशी मी भिंतीवर आपटली, तिला पोचा पडलाय. बाकी काही विचारत नाही. पण सिस्टर म्हणतात, हा आजार रक्तात असला की टीबी लवकर धरतो, त्यात तुमची ती खाणीतली धूळ. तेव्हापासून रागापेक्षा भीतीच जास्त वाटतेय.

पैलवानाची ती गंमत मी कित्येक दिवस सिस्टरना सांगितली नाही. सांगितलं तर तुम्हाला खाणीतून काढतील, पैलवानही अडकेल, आणि घर तुमच्या एकट्याच्या जिवावर. न सांगितलं तर तुम्ही खोकत खोकत झिजणार, आणि सुट्टीत येऊन पोरीला पुन्हा छातीशी धरणार. कुठूनही विचार केला तरी वाट बंद. सासूबाईंना वाटतं, नवऱ्याच्या आठवणीनं सून सुकलीये.

अहो, काल मी सिस्टरना सांगितलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. पैलवानाचं नाव घेतलं नाही. माझा माणूस खोकतोय, तो फोटो त्याचा नसणार, समोर बसवून पुन्हा काढा, एवढंच. त्यांनी माझ्यासमोर तुमच्या खाणीच्या दवाखान्यात फोन लावला. हे तुमच्या हाती पडेपर्यंत बोलावणं आलेलं असेल. पैलवान सवयीनं उठेल, त्याला खाली बसवा. या वेळी तुमचा बिल्ला तुमच्याच गळ्यात राहू द्या, आणि रक्तही तपासून घ्या. नोकरी गेली तर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, मी ऐकून घेईन. पण त्या द्यायला तुम्ही जिवंत असायला हवं.

तुमचीच, चिडलेली आणि वाट बघणारी,
बडबडीची आई