मानाच्या जागेवरचा पाहुणा

३ ऑक्टोबर, शुक्रवार. बाल्खाश.

पोचलो. एकावन्नाव्या वर्षी माणूस नव्या गावात राहायला येतो तो एक तर दुकान बुडालं म्हणून किंवा बायकोनं हाकललं म्हणून. मला दोन्ही कारणं एकाच महिन्यात मिळाली, त्यामुळे निवड करायचा त्रास वाचला. तरी आज मन प्रसन्न आहे. खोली झकास आहे. चौथा मजला, खिडकीतून तळं, तळ्याकाठी तांब्याच्या कारखान्याची धुराडी, आणि वारा भला असेल त्या दिवशी श्वाससुद्धा घेता येतो. गादी माझ्यापेक्षा तरुण आहे.

घरमालकीण कुल्याश अपा. वय चौऱ्याहत्तर, कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त. दारातच विचारलं, तोलेगेन, तू कॉम्प्युटरचा डॉक्टर ना? मी म्हटलं, डॉक्टर कसला, हाडवैद्य. सोमवारपासून दुरुस्तीच्या दुकानात रुजू होतोय. हाडवैद्य तर हाडवैद्य, म्हणाल्या, आमचा पेशंट दर रविवारी मरतो.

पेशंट बैठकीच्या खोलीत आहे. त्यात ‘आउल’ नावाची भानगड आहे. खेळ म्हटलेलं अपांना चालत नाही. पडद्यात एक अख्खं गाव आहे, त्यात आपलं बाहुलं सोडायचं, घर बांधायचं, एकमेकांकडे जायचं-यायचं. अपांची लेक रौशन कोरियात, बुसानला असते. तिनं त्या गावात आईचं जुनं घर विटेला वीट लावून उभं केलंय, कारण खरं गाव केव्हाच ओस पडलं. दर रविवारी दुपारी मायलेकी तिथे चहाला बसतात. फोन आहे की, असं मी म्हटलं, तर अपा म्हणाल्या, फोनवर ती मला कपाळ दाखवते आणि छत दाखवते. तिथे शेजारी बसते.

रौशनला लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेलेत, आठवा चालू आहे. विमानाचा प्रवास अपांच्या हृदयाला मना आहे. बाळंतपणाआधी लेकीला त्या घरात पोटभर भेटायचं, एवढंच त्यांचं मागणं आहे. आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर हँग होतो. एवढं काम करशील तर घरचाच, म्हणाल्या, आणि समोर बाउरसाकांचा डोंगर ठेवला. तळलेल्या पिठापुढे मी कधीच नाही म्हटलेलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धुळीचा एवढा नमदा निघाला की त्यावर मेंढपाळ आडवा झाला असता. पंखा साफ केला, फालतू फायली काढल्या. ‘आउल’ची सेटिंग्ज बघून मात्र हात जोडले. कुरणातलं गवताचं प्रत्येक पातं वेगळं हलतं, प्रत्येकाला वेगळी सावली. हे बनवणारा जन्मभर फ्लॅटमध्ये राहिलेला असणार. गवत बंद केलं, सावल्या बंद केल्या. मेंढ्याही काढू का विचारलं, तर अपा कडाडल्या: मेंढ्या काढल्यावर पाहुण्यासाठी कापायचं काय? तुला?

दोन वाजता रौशन आली. खऱ्या रौशनला जिना चढवत नाही म्हणे, बाहुली मात्र वेताच्या छडीसारखी. आत मानाच्या जागेवर, दाराच्या बरोब्बर समोरच्या भिंतीला टेकून, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता. सगळ्यांच्या डोक्यावर नाव तरंगतं. याच्या डोक्यावर काही नाही. हा कोण, असं विचारल्यावर अपांनी माझ्या खांद्यावर चापट मारली. देवानं धाडलेल्या पाहुण्याला तीन दिवस नाव विचारतात का, पोरा? किती दिवस झाले येऊन, मी विचारलं. मार्चपासून आहे, म्हणाल्या.

फाटकावर कुणी आलं की आत घेऊ का, असं यंत्र विचारतं. खाली हो आणि नाही अशी दोन बटणं. आमच्या लोकांसाठी दुसरं बटण बनवणं म्हणजे निव्वळ वीज वाया घालवणं.

चहा झाला. म्हाताऱ्यानं दुवा द्यायला दोन्ही तळवे उघडले. रौशननं उघडले, खुर्चीवर अपांनी उघडले. मी टेबलाखाली वायर चाचपत होतो. वर आलो तर माउस मेलेला, चित्र थिजलेलं. अपांचे डोळे भरले. पुढच्या रविवारी नक्की, असं मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच बायकांना म्हटलं आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानात दिवसभर प्रिंटर. माणसं कागद अडकवतात आणि तोंड असं करतात जणू कागदच त्यांच्यावर चालून आला. घरी येऊन नवीन मेमरी बसवली, चित्राच्या कार्डाचा ड्रायव्हर बदलला. मग पाहुणा नसताना ‘आउल’ तीन तास चालू ठेवून मेंढ्या बघत बसलो. एक झटका नाही. एवढ्या वेळात माझ्या संसाराचा हिशेबच मनात नको तितका झाला.

यंत्र स्वतःची रोजनिशी ठेवतं, ती वाचली. मार्चपासून प्रत्येक रविवारी शेवटची नोंद एकच. म्हातारा हात उघडतो तो क्षण. पुढे कोरं.

१२ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा तेच. यावेळी मी मागे उभा, हातात पेचकस. म्हाताऱ्यानं हात उघडले, चित्र थिजलं. मी म्हटलं अपा, उठा, बंद करतो. अपा हलेनात. तळवे वर, नजर पडद्यावर. वीस मिनिटं. चहावर साय धरली.

खांदा हलवला तेव्हा ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, पाहुण्यानं आमीन म्हटल्याशिवाय हात कसे खाली घेऊ? मी म्हटलं, अहो कॉम्प्युटर गोठलाय. त्यावर म्हणाल्या, कॉम्प्युटर गोठला म्हणून आपली रीत गोठवायची का?

मला हसू आलं, कंटाळाही आला होता. मी मोठ्यानं आमीन म्हणून टाकलं आणि तोंडावरून हात फिरवला. अपांनीही फिरवला, मोकळ्या झाल्या. मग चिडल्या: थोरानं उघडलेली दुवा धाकट्यानं मिटायची, हे तुला कुठल्या बापानं शिकवलं?

माझ्या बापानं मला सायकलसुद्धा शिकवली नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पाहुण्याचा माग काढला. प्रत्येक बाहुल्यामागे कुठेतरी माणूस असतो, त्याची जोडणी दिसते. याच्यामागे कुणीच नाही. तो बाहेरून येतच नव्हता. घरच्याच कॉम्प्युटरमध्ये एका फोल्डरमध्ये बसून होता. कचऱ्याची फाईल. खोडून टाकली. दोष मिळाला की जो आनंद होतो तो लग्नात झाला नव्हता.

जिन्यात शेजारचे सापार आगा भेटले, सगळ्यांचे थोरले दादा. क्रेन चालवून चालवून मान कायमची वर राहिलेले गृहस्थ. त्यांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, उघडलेली दुवा थांबवता येत नाही बाबा, फक्त पुरी करता येते. आणि मधेच तोंड घातलं तर देणाऱ्याला आधी तुझ्याकडे बघावं लागतं. मग मला विचारलं की घरी प्रिंटर आहे, फुकट बघशील का.

१९ ऑक्टोबर, रविवार

काय झालं ते नीट लिहितो.

पहिला अर्धा तास सुरेख गेला. मायलेकी बोलल्या, बाळाचं नाव सुचवून झालं, त्यावर भांडूनही झालं. मग अपांनी विचारलं, पाहुणा कुठाय? मी अभिमानानं सांगितलं, खोडला. अपांचा चेहरा उतरला. चौऱ्याहत्तर वर्षांत माझ्या दारातून कुणी भाकरीचा तुकडा चाखल्याशिवाय गेला नाही, आणि तू त्याला माशीसारखा पुसलास? रौशनही तिकडून मला म्हणाली, आगा, असं कुणी करतं का? अपांनी फाटक सताड उघडलं, रिकाम्या जागेपुढे चहा ओतला आणि माफी मागितली.

तो आला. फाटकातून नाही. आधीच बसलेला होता.

यावेळी दाराकडे तोंड नव्हतं. आमच्याकडे होतं. हात उघडले, सगळं थिजलं. मी आमीन म्हटलं. काही नाही. पुन्हा म्हटलं. प्लग उपटला, पडदा काळा झाला. अपांचे हात तसेच. तीन तास. डोळे उघडे, नाडी हळू. मी बोलावलेली डॉक्टर दारात आली तेव्हा हात खाली आले आणि अपा म्हणाल्या, चहा कुणी गार केला?

मधे एकदा खाली पाहिलं. माझे तळवे मांडीवर उताणे होते. मी ठेवले नव्हते.

२० ऑक्टोबर

जावयाचा बुसानहून फोन. रौशनही काल तीन तास तशीच बसली होती, हात उघडून. त्याला वाटलं झटका आला. दवाखान्यात म्हणाले, बाळ ठीक आहे, पण असं पुन्हा होता कामा नये. यंत्राला हात लावणार नाही अशी अपांनी लेकीची शपथ घेतली असती तरी मी विश्वास ठेवला नसता. वीजजोडणीची केबल काढून पिशवीत टाकली. दुकानात घेऊन जातो. झोपताना उशाशी ठेवतो. या वयात उशाशी केबल.

फार थकलोय. भीती वाटायलाही अंगात काहीतरी लागतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

जेवायला दुपारी घरी आलो. केबल पिशवीत. अपा काळ्या पडद्यासमोर. हात उघडे.

हाका मारल्या. पाणी पाजायचा प्रयत्न केला, हनुवटीवरून ओघळलं. हात खाली ओढले, म्हातारीचे हात, काटक्या, पण जागचे हलले नाहीत.

काळ्या काचेत आमची खोली दिसते. दार. मी. मागची भिंत, तिथली मानाची जागा, घडी केलेल्या रजया, तक्क्या. तक्क्या दबलेला होता. कुणी टेकून बसल्यावर दबतो तसा.

वळून पाहिलं. कुणी नाही. तक्क्या दबलेलाच.

त्यानं पत्ता बदललाय. मी त्याला पडद्यातून घालवलं, आणि अपांनी आत बोलावलं.

तेवीस, संध्याकाळ

जावयाचा फोन. कळा सुरू झाल्यात. महिनाभर आधी. रौशनचे हात उघडे, मिटत नाहीत, दंडाला पट्टा बांधता येत नाही, जोर लाव म्हटलं तर ऐकू जात नाही. तो रडत होता. आगा, तुम्ही ते मशीन बंद करा. मशीन बंद आहे, हे मी त्याला कसं—

सापार आगांना खेचून आणलं. उंबऱ्यात थांबले. आत बघितलं. टोपी काढली. म्हणाले, सलाम केला नाही तर बरं दिसणार नाही, आणि केला तर बसावं लागेल. गेले.

अपा सहा तास. ओठ निळे.

चोवीस

रात्र गेली. डॉक्टर येऊन गेली, सुया टोचून गेली, पुन्हा येते म्हणाली.

सकाळी नऊला जावयाचा फोन. मूल अडकलंय. आई आणि मूल दोघंही— त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

तीन जीव आहेत. दोन थोरले आणि एक जो अजून आलाच नाही. आणि दुवा कुणाची अडकली, तर माझी. मधे तोंड मी घातलं.

पुरीच करता येते, म्हणाले ना सापार. मग ती घ्यायला कुणीतरी—

पाय धुतले. स्वच्छ सदरा. चहा केला, नीट, दूध घालून. त्याच्यासमोर बसलो. हसू आलं. तीस वर्षांत कुणापुढे इतका शिस्तीत बसलो नव्हतो. म्हटलं, चूक माझी. बायकांना सोडा. जे द्यायचं ते मला द्या.

तळवे उघडले.

तक्क्या— पुढे वाकला कुणीतरी.

चोवीस, अजून

अपांचे हात पडले. पडताना आवाज झाला. उठल्या, धडपडल्या, फोन घेतला. स्वयंपाकघरात रडतायत, हसतायत. मुलगी. दोन किलो दोनशे. रौशन बोलली. पाणी मागितलं म्हणे.

अपा हाका मारतायत. तोलेगेन, ये रे, ऐक, रडण्याचा आवाज ऐक. गाढवा, कुठे बसलास.

ओ देता येत नाही. जीभ—

उजव्या हातानं लिहितोय, वही गुडघ्यावर. डावा वर आहे. उजवाही आता जड—

चहावर साय आली.

लांबलचक दुवा दिसतेय. त्यानं अजून पहिला शब्दसुद्धा—