‘हात!’ म्हटल्यावर

लिंबायत, सुरत
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. दत्तू यास थोरल्या भावाचा आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. काळजी तुमचीच वाटते. चलथाणला साखर कारखान्याचा धूर फार, खोकला अंगावर काढू नकोस. परवा उतराण, आभाळभर पतंग. गळ्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय स्कूटर काढू नकोस, मांजा दिसत नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे.

तू म्हणालास, "दादा, सुवर्णाची नोकरी मी शेठला जबान देऊन लावली. तिला माफी मागायला लाव. यंत्र होतं तसं करायला सांग, नाहीतर माझं नाक कापलं जाईल."

माझं उत्तर नाही असं आहे.

आपल्या शेडमधल्या नव्या मागांवर एकेक छोटा कॉम्प्युटर बसवलाय. मागात कोणाचा हात गेला की सेन्सरच्या लाल डोळ्याला तो दिसतो आणि कॉम्प्युटर माग थांबवतो. पण तोच कॉम्प्युटर शेठच्या मोबाईलवर कापडाचे फोटोही पाठवतो. त्यात गुंतला की थांबवायला उशीर. नेहमी नाही, कधीतरी. ते कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आपल्या पोरीने, सुवर्णाने, काठीला चिंधी बांधून आत घातली आणि शेठला दाखवलं. चिंधीचा भुगा झाला. शेठ म्हणाला, "कधीतरीच ना?"

मग तिने आपल्या मनानेच कॉम्प्युटरचा कर्नल बदलला. मी घाबरलो. म्हटलं, बाई, लष्कराच्या माणसाशी आपण कशाला वाकडं घ्यायचं? ती हसत हसत खालीच बसली.

"आबा, कर्नल नाही, कर्नेल! कॉम्प्युटरचा गाभा. कोणाचं काम आधी, कोणाचं मागून, ते तो ठरवतो."

"मग कर्नलच की!"

"बरं, शेडमध्ये कोणी ‘हात!’ ओरडलं तर तुम्ही काय करता?"

तूही माग चालवलेत, तुला ठाऊक आहे. ‘हात!’ ऐकलं की तोंडातला घास टाकून, जो जवळ असेल त्याने बटण दाबायचं. समोर शेठ बोलत असला तरी. एवढं संपवतो आणि येतो, असं कोणी म्हणत नाही.

सुवर्णा म्हणाली, "जुन्या गाभ्याला ही रीत नव्हती. मी लावली."

माग पहिल्यापेक्षा जोरात चालतो असं नाही, दत्तू. पण थांबवायचं काम आता कशाच्याही मागे उभं राहत नाही. शेठचे फोटो मात्र मधूनमधून अडकतात. खरा राग तिथला आहे.

त्यात कॉम्प्युटरच्या कंपनीचा माणूस म्हणाला, गाभा बदलला, आता गॅरंटी नाही. शेठने तिला सांगितलं, "जेम हतुं तेम करी नाखो," होतं तसं करून टाक. ती नाही म्हणाली. उतराणीची सुट्टी संपली की तो माणूस स्वतः जुना गाभा घालायला येणार आहे.

तू विचारलंस, मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? काही कळत नाही. जीव सारखा धाकधूक करतो. पोरीची नोकरी गेली तर, खोली सोडावी लागली तर. बीपीची गोळी घेतली की नाही ते पुन्हा पुन्हा बघतो.

पुढचं तुला सांगणार नव्हतो. तुझ्या लीलाला सांगू नकोस, ती स्वतःला बोल लावेल. नवा गाभा आल्यावर एके दिवशी तिने विणलेलं स्वेटर अंगात होतं, बाह्या जरा सैल. तुटलेला धागा बांधायला वाकलो आणि उजवी बाही आत ओढली गेली. मी ओरडलो. पण ‘हा’ एवढंच तोंडातून निघालं. ‘त’ म्हणायची पाळीच आली नाही. माग थांबून उभा होता.

बाही फाटली. बाकी काही नाही.

त्या दिवशी जुना गाभा असता आणि शेठच्या मोबाईलवर फोटो जात असता, तर? मी विचारच करत नाही. करतो, पण करत नाही.

म्हणून सांगतो, सुवर्णा माफी मागणार नाही. तो माणूस येईल तेव्हा मी मागापुढे स्टूल टाकून बसणार. म्हणेन, घाल जुना गाभा, आणि मग पहिला हात तुझा घाल. शेठलाही हेच सांगेन. जबान दिलीस ना? मग तू ये, माझ्या शेजारी उभा राहा.

नाक कापलं जाईल म्हणतोस. दत्तू, नाक बोलण्यापुरतं कापलं जातं.

उजव्या हाताने लिहिणारा,
तुझा सोमादादा