फळ्यावरचा परिच्छेद

सर, आईवरचा तो परिच्छेद तुम्ही माझ्याकडूनच फळ्यावर लिहून घेतलात, त्याबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही. नववीत होते. सिद्धगडाखालच्या आमच्या गावातून शाळेत चालत यायचे. ‘माझी आई’ या निबंधात मी लिहिलं होतं, ती नाचणीची भाकरी हातावर थापते, मोळी उतरवली की आधी माझे केस विंचरते, भाताच्या आवणीत सगळ्या बायकांच्या पुढे असते. शेवटचं वाक्य होतं, ती मागच्या पावसाळ्यात बाळंतपणात गेली. तुम्ही वही उंच धरून वर्गाला समजावलंत, की परिच्छेदात मुख्य मुद्दा आधी येतो, बाकीची वाक्यं त्याला आधार देतात. म्हणालात, हिची आई मेली ते तळाला आणि डोक्यावर भाकरी. मुलं हसली.

मी म्हणाले, “सर, आधी ती भाकऱ्या करायची. मेली नंतर.”

“फळ्यावर ये. लिही, माझी आई मेली.”

मी लिहितेय आणि तुम्ही वर्गाला विचारताय, आता आधार कशाचा द्यायचा? कुणी म्हणालं, कधी मेली. कुणी म्हणालं, कशानं. तिला न्यायला बांधलेली डोली, भरलेला ओढा, रक्त, मुरबाडच्या दवाखान्याच्या अलीकडेच थांबलेला श्वास, सगळं मी क्रमानं लिहिलं. भाकरी कुठे लिहू विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ती मुद्द्याला धरून नाही.

वाईट हे, की तुमची पद्धत बरोबर होती. त्या पद्धतीच्या जोरावरच मी डी.एड. झाले, शहापूर तालुक्यात शिक्षिका झाले.

तुम्हाला अर्धांगवायूचा झटका आल्याचं कळलं, तेव्हा मुरबाडला तुमच्या घरी आले. काकू म्हणाल्या, तुझी फार आठवण काढतात गो, आणि चहा ठेवायला आत गेल्या. तुमचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द मागेपुढे येत होते. “फळा... तू... आई... माझं...” पुढचा शब्द मला कळला होता. जरा थांबले असते, तर तुम्ही तिथवर पोचला असतात.

“सर, मुख्य मुद्दा आधी,” मी म्हणाले.

तुम्ही पुन्हा सुरुवात केलीत. मी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्या वेळी तुम्ही रडायला लागलात. काकू चहा घेऊन आल्या, तुमचे डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, तुला बघून भरून आलं त्यांना. मी चहा प्यायले.

दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. मी आले नाही. हे पत्र कुणाला द्यायचं नाही, म्हणून सांगते. मला पश्चात्ताप झाला असं लिहायला बसले होते. पण त्या दिवशी परतीच्या एसटीत मला गाढ झोप लागली होती, सर.