डाव्या चाकाचा आवाज

४ नोव्हेंबर, मंगळवार
वरूडच्या राऊत काकांची पिकअप परत आली. पुढच्या डाव्या चाकातून तोच आवाज. कर्र-कर्र, गाडीनं वेग घेतला की. महिन्यात दोनदा बेअरिंग बदललं. दुसऱ्यांदा बदलतानाच मनात होतं की हे बेअरिंग नव्हे, पण दुसरं काही सुचेना, म्हणून बदललं. हे कोणाला सांगणार.

काका चहा पिता पिता सहज म्हणाले, "मिलिंदभाऊ, अकोल्याले दाखवून पाहू का? तो दिवाकर म्हणून आहे ना, तुमची पोरगी काम करते त्याच्याकडे?"

इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक.

"तिकडे नका नेऊ काका. लुटारू आहे तो. गाडीतले चांगले पार्ट काढून घेते अन् जुने बसवते."

तोंडातून निघून गेलं. दिवाकरनं असं केल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

काका गाडी ठेवून गेले.

५ नोव्हेंबर
पोरीचा, प्रज्ञाचा फोन. पॉलिटेक्निक झाल्यावर इथं अमरावतीत माझ्या गॅरेजात येईल असं धरून चाललो होतो. बोर्डावर तिचं नाव टाकायचं म्हणून पेंटरशी बोलूनही ठेवलं होतं. जूनपासून ती अकोल्यात, दिवाकरकडे. त्याला 'सर' म्हणते.

आज मोजलं. पाच मिनिटांत "सर म्हणतात" नऊ वेळा.

गाडीचं मी बोलणार नव्हतो. बायकोनं, मंदानंच फोन घेऊन सांगून टाकलं, तुह्या बाबाले दोनदा बेअरिंग बदलूनही आवाज सापडून नाही राहिला म्हणून. झालं. पोरीनं लगेच विचारलं, "बाबा, फोर बाय फोर टाकलं, चारही चाकं ओढाले लावली, की आवाज बंद होते का?"

"पाह्यलं नाई."

"पाहून घ्या. बंद झाला तर हबचा ॲक्च्युएटर, चाक एक्सलले जोडते-सोडते तो, गेला समजा. त्याचा रबरी पडदा फाटला की व्हॅक्यूम टिकत नाई, मंग हबचे दात अर्धवट लागते अन् घासते. सरांनी दाखवलं होतं मले."

दुपारी गाडी वलगाव रोडला काढली, पुढे कच्च्या रस्त्याला घातली. कर्र-कर्र. फोर बाय फोरचा नॉब फिरवला. आवाज गेला, एकदम. शेतातलं बोलणं ऐकू यायला लागलं. बाजूला घेऊन बसून राहिलो. पोरीचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं काय, तर दिवाकरनं अकोल्यात बसून माझ्या हातातल्या गाडीचा दोष पकडला.

६ नोव्हेंबर
व्हॅक्यूमच्या नळीला तोंड लावून हवा ओढली, जिभेनं टोक बंद केलं. उजवीकडे जीभ चिकटून राहिली. डावीकडे नुसती हवा. म्हणजे फाटलाच आहे.

ही तपासणी उस्तादची. मी आणि दिवाकर एकाच वेळी त्यांच्या हाताखाली होतो. मला म्हणायचे, "मिलिंद, तू मेहनती है." त्याला म्हणायचे, "इसके हाथ में अकल है." उस्ताद गेले. वाक्य नाही गेलं.

पार्ट अमरावतीत नाही. नागपूरहून यायला आठ दिवस. दिवाकरकडे असणारच. विचारणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
राऊत काकांचा फोन. संत्र्याची तोड सुरू आहे, बागेत चिखल, पिकअपशिवाय माल बाहेर निघत नाही. "पार्ट रस्त्यात आहे," म्हणालो. मागवलासुद्धा नव्हता.

मंदा ऐकत होती. "अजी, अकोल्याले एक फोन कराले काय होते तुमाले? पोरगी तिथंच हाय."

"तिची गरज नाई."

"राग तुमाले त्याचा हाय, अन् भोगून राहिली ती."

जेवण गेलं नाही.

९ नोव्हेंबर
सकाळच्या एसटीनं प्रज्ञा आली. पिशवीत खोकं, खोक्यात नवा ॲक्च्युएटर. मंदानं कळवलं असणार.

"सरांनी देला. म्हणाले, बाबाले सांग, दोन्हीकडचे पाइपही पाहून घ्या."

मला सांगतो म्हणे.

दोघांनी मिळून कामाला हात घातला. चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर सोडला. तिनं तो तारेनं वर बांधला. "ब्रेकच्या पाइपावर लटकू द्याचा नाई, सर म्हणतात."

ती नऊ वर्षांची असताना ह्याच जागी, उलट्या बादलीवर बसवून, मी तिला हे सांगितलं होतं. तार तिनंच धरली होती.

"हे मी सांगतलं होतं तुले."

"हो का?"

तिला खरंच आठवत नव्हतं. मी पाना शोधायला आत गेलो. पाना हातातच होता.

बॉल जॉइंट मी हातोड्यानं सोडवला असता. तिनं ओढून काढायचा पुलर लावला, शांतपणे आवळत गेली, टक् करून सुटला. एक्सल मागे सारला, तीन बोल्ट, जुना ॲक्च्युएटर बाहेर. पडद्याला नखाएवढी चीर. नवा बसवताना दात जुळेनात, मी जोर लावायला लागलो. "थांबा बाबा." तिनं हब दोन बोटांनी जरासा फिरवला. बसला.

हाथ में अकल. बघत राहिलो. आणि मनात आलं, ही अक्कल तिला कुठूनही मिळाली असेल, माझ्याकडून नाही.

चक्कर मारून आलो. आवाज नाही. ती हसली, मीही हसलो. चांगला दिवस होता खरं तर. उद्या काका गाडी न्यायला येईपर्यंत थांबते म्हणाली.

१० नोव्हेंबर
काका खुशीत. प्रज्ञाला म्हणाले, "बरं झालं बाई, अकोल्याले नाई नेली. तुह्या बाबानं सांगतलं मले, तो दिवाकर लुटारू आहे, चांगले पार्ट काढून घेते."

ती चिंधीनं बोटं पुसत होती. पुसणं थांबलं.

"काका, हा पार्ट त्याइनंच देला."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग चावी घेतली आणि गेले.

"काहून म्हटलं बाबा असं?"

उत्तर होतं. पोरीला देण्यासारखं नव्हतं.

पुढच्याच एसटीनं गेली. मंदानं भरलेला डबा ओट्यावर तसाच.

१२ नोव्हेंबर
फोन नाही. मंदा कामापुरतं बोलते. राऊत काकांना फोन करून सांगितलं की मी दिवाकरबद्दल बोललो ते खोटं होतं.

"मले समजलं होतं भाऊ," म्हणाले.

हे त्यातल्या त्यात सोपं होतं.

१४ नोव्हेंबर
दिवाकरचा नंबर तीनदा लावून कापला. चौथ्यांदा वाजू दिला.

"बोल बे मिल्या." जसं काही कालच भेटलो होतो.

सांगितलं. राऊत काकांपाशी काय बोललो ते, जसंच्या तसं. पलीकडे कॉम्प्रेसर चालू होता.

"पोरीनं मले काईच नाई सांगतलं," म्हणाला. "आली तशी गपगप आहे. मले वाटलं तुह्यी तब्येत बिघडली."

तिनं सांगितलं नाही. माझी लाज तिथं, त्याच्यासमोर, झाकून ठेवली.

मी तुह्यावर जळतो, असं म्हणायचं होतं. म्हणालो, "पार्ट बरोबर बसला."

"बसंनच. तिनं बसवला ना."

मागून तिचा आवाज आला, "कोण आहे, सर?"

त्या एका 'सर'नं पुन्हा तोच जळफळाट. एवढं सगळं कबूल करूनही.

"घे, बोल," तो तिला म्हणाला.

फोन ह्या हातातून त्या हातात गेला. कोणीतरी कॉम्प्रेसर बंद केला.

"बेटा," म्हटलं.

"ऐकून राहिली मी," ती म्हणाली.