पत्र्याच्या नळ्यातली बाई

काष्टी,
२६ सप्टेंबर १९७२

प्रिय रंगनाथभाऊजी,

'प्रिय' लिहिलं म्हणून हसू नका. दिराला वहिनीनं काय लिहावं ते आमच्या सातवीच्या पुस्तकात नव्हतं. तुमच्या दादांना विचारलं तर म्हणाले, काहीही लिही, पण थोडक्यात लिही. थोडक्यात मला जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून निळा हवाईपत्राचा कागद सोडला आणि हे पाकीट आणवलं. जेवण उरकून निवांत बसा, मग वाचा.

आधी काळजीचं सांगून टाकते. तुमच्या शिक्षणाचं इथे काही खरं राहिलेलं नाही. आबा म्हणतात, झालं तेवढं पुरे, त्याला परत बोलवा. एकच वर्ष उरलंय, मधेच सोडलं तर सरकारची स्कॉलरशिप गेली ती गेली, पुन्हा कुणी पाठवायचं नाही, हे मी त्यांना दोनदा सांगून बघितलं. ते 'हूं' म्हणतात आणि तंबाखू मळत बसतात. गणपतीपर्यंत येईल जाईल त्याला तुमचं कौतुक सांगणारा माणूस असा कसा फिरला, ते आता ऐका. सगळं त्या नळ्यामुळे झालं.

नळा श्रावणात आला. तुम्ही आधी लिहिलंच होतं की इथल्या खोलीला ओल येते, कागद खराब होतील, म्हणून पहिल्या वर्षाची चित्रं पत्र्याच्या नळ्यात घालून बोटीनं धाडतोय, उघडू नका, दमट हवा लागेल. भाऊजी, दमट हवा! यंदा, आणि काष्टीत! बाजरी उभी करपली, विहिरीनं तळ दाखवला, बैल मावशीच्या गावाला कालव्याच्या कडेला नेऊन बांधलेत, आणि तुम्हाला आमच्या घरच्या ओलीची धास्ती. तरी आबांनी तुमचा शब्द पाळला. उंदरांना पोचता येऊ नये म्हणून नळा स्वतःच्या हातानं तुळईला टांगला. कुणी आलं की बोट वर करायचे, 'रंगनाथचं काम हाय. विलायतेवरनं आलंय.' आत काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. कापडावरची नक्षी शिकायला गेलेला मुलगा वेलबुट्टी नाहीतर मोर काढणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्हाला कुणी कळवली नाही. तुमच्यासाठी स्थळ आलं होतं. पुणतांब्याचे आप्पासाहेब, गोदावरीकाठची बागायत, ऊस, दारात ट्रॅक्टर. पितरपाट लागायच्या आत घर बघून घ्यावं म्हणून गणपतीतच आले, शनिवारी, बाजारादिवशी. बरोबर त्यांची बहीण बनुबाई. मुलीचा फोटो आणला होता. मॅट्रिक झालेली आहे, चेहऱ्यावरून हट्टी वाटली. मला आवडली, पण ते आता राहू द्या. चहा नुकताच बाहेर दिला होता, तेवढ्यात आप्पासाहेबांनी विचारलं, मुलगा तिकडं नेमकं करतो काय? आबा जणू या प्रश्नाचीच वाट बघत होते. नळा खाली उतरवला. टोपण निघेना, तुमच्या दादांनी अडकित्त्यानं उचकटलं. ओसरीवर नवी घोंगडी अंथरलेली, तिच्यावर आबांनी कागद उलगडला.

पहिल्याच कागदावर ती बाई. स्टुलावर बसलेली, हात मांडीवर, आणि अंगावर सूत नाही. मी दाराआडून बघत होते. आबांच्या हातून कागद सुटला आणि आपोआप गुंडाळला गेला. त्यांना वाटलं असेल की चुकून एखादा आला, म्हणून घाईघाईनं दुसरा काढला. त्यावर तीच बाई, पाठमोरी. तिसऱ्यावर बाप्या. तिथं बनुबाईंनी पदर तोंडात धरला. राग नव्हता तो, त्यांचे खांदे गदागदा हलत होते. आप्पासाहेब मात्र उठले, टोपी सारखी केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, 'पाव्हनं, पोरगं कापडाचं शिकतंय म्हनला हुता. ह्यात कापड तर कुठंच दिसंना.' चहा कपात तसाच राहिला. मी आत पळाले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, भाऊजी, खोटं का बोलू. मग बाहेर डोकावले तर आबा एकटेच बसले होते, कागद हातात, आणि तो गुंडाळायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग मला खरंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीपासून वेशीपर्यंत तोच विषय. कुणी म्हणे तिकडे बायका अशाच हिंडतात, कुणी म्हणे रंगनाथनं तीच बाई केलीय. आबा पारावर जायचे बंद झाले. मी त्यांना तुमच्या जुन्या पत्रातलं वाचून दाखवलं. आधी सगळ्याच मुलांना माणसाचं अंग काढायला शिकवतात, त्याशिवाय त्यावर कापड कसं पडतं ते कळत नाही, बसणारी बाई रोजावर येते, वर्गात मुलीही असतात, सगळं वाचलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, 'पोरी, तू वाचतीस ते खरं आसंल. पन मला ते पारावर वाचून दाखवता येत न्हाई.' नळ्याचं टोपण मात्र त्यांनी घट्ट लावलं आणि तो पुन्हा तिथंच टांगला.

सासूबाईंना त्या दिवशी काही बघायला मिळालं नव्हतं, त्या परसात गोवऱ्या लावत होत्या. आबा मळ्यात गेलेले बघून मला म्हणाल्या, काढ गं तो नळा. मी शिडी लावली. बाईचा कागद खिडकीशी उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता कपाळाला हात लावतील. तर म्हणाल्या, 'लई येळ बसिवलीय हिला. कंबर धरली आसंल.' मग विचारलं, खोलीत शेगडी असते का. मी म्हटलं, असेल. 'आसंल न्हवं, इचार त्याला.' तर विचारते, शेगडी असते का? उत्तर जरूर लिहा, मला रोज हाच प्रश्न असतो. गावात बायकांनी टोमणे मारले तर सासूबाईंचं ठरलेलं उत्तर आहे, 'कामावर आल्याली बाई हाय ती. आपुन न्हाई का खडी फोडाय जात, मांडीपतुर लुगडं खोचून? तवा कोन हसतं?' एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं. पण पेटीतलं एक इरकली लुगडं त्यांनी बाजूला काढलंय, त्या बाईला धाडायला. मी किती समजावलं की तिच्याकडे कपडे आहेत, बसायच्या वेळेपुरते काढून ठेवते. ते काही केल्या पटत नाही. म्हणतात, असते तर काढले कशाला असते? लुगडं अजून पेटीवर पडून आहे. पोस्टात घेऊन गेले तर मास्तरला काय सांगू, तेवढं तुम्हीच कळवा.

मला चित्रातलं काही कळत नाही. पण मी या घरात आले तेव्हा तुम्ही तिसरीत होता, आणि पहिल्याच दिवाळीला मी पांढऱ्या मातीनं सारवलेली ओली भिंत तुम्ही गेरूनं भरून टाकली होती. बैल काढला होता, पाच पायांचा. पाचवा कशाला, तर म्हणालात, तो चालतोय, म्हणून पाय जास्त दिसतात. आबांनी चाबूक घेतला. मी नवी नवरी, तोंड वर करायची सोय नाही, तरी कुठून बळ आलं कोण जाणे. म्हटलं, भिंत मी सारवलीय, राहू द्या. राहिला तो बैल, दोन दिवाळ्या राहिला. काढताना तुमची जीभ दातांत असायची आणि हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. तेव्हा वाटायचं, या घरात निदान एकाला तरी आपल्याला काय हवं ते ठाऊक आहे. आम्ही बाकीची मिळेल ते करत आलो. त्यात दुःख नाही, पण एकानं तरी हवं ते पुरं करावं असं मला फार वाटतं.

आबांवर रागावू नका. त्यांना लाज वाटली हे खरं, पण त्यापेक्षा भीती मोठी आहे. तुम्ही आता येतच नाही असं त्यांच्या मनानं घेतलंय. म्हाळाचं बोलणं चाललं होतं, मधेच म्हणाले, 'माझा म्हाळ कोन घालनार, थोरला एकलाच?' साल असं वाईट, अर्धा गाव पुण्याकडे निघालाय, अशा वेळी घरातलं माणूस घरात असावं असं बापाला वाटणारच. तुम्ही त्यांना वेगळं पत्र लिहा. चित्रांचं समजावू नका, परत कधी येणार तेवढं लिहा, आणि ते खरं लिहा.

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. पितरपाट लागला त्या दिवशी, मी जेवायला वाढत होते तेव्हा, आबांनी तुमच्या दादांना सांगितलं की नुसत्या कागदानं तो येणार नाही, तार कर. 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' शाळेतल्या मास्तरांकडून इंग्रजीत लिहूनही आणलं होतं. इथल्या पोस्टात बोभाटा होईल म्हणून नगरला जाऊन करायची. दादांना पटलं नाही, त्यांचा घास हातातच राहिला, पण आबांपुढे ते बोलत नाहीत. सासूबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांच्या मरणाची तार त्यांच्यासमोर ठरत होती. वळूनही न बघता म्हणाल्या, 'पितरपाटात जित्या मानसाच्या मरनाचा सांगावा धाडू नगा. पितरं खरं धरत्यात. घट बसू द्या, मंग काय करायचं ते करा.' आबा सरकारला भीत नाहीत, पितरांना भितात. तार घटस्थापनेपर्यंत थांबली. मला वाटलं, सासूबाई घाबरल्या. काल बाजरी निवडता निवडता त्यांनी हळूच विचारलं, विलायतेला कागद किती दिसांत पोचतो गं? मी म्हटलं, आठ-दहा. 'मंग उद्याच टाक. कागद म्होरं जाऊ दे, तार मागनं जाऊ दे.'

म्हणून भाऊजी, तार हातात पडली की हातपाय गाळू नका. ती खोटी आहे. सासूबाई ठणठणीत आहेत. मी त्यांना विचारलं, तुम्हाला नको का तो यायला? म्हणाल्या, 'मला लई हवाय. पन अर्दं टाकून आल्यालं पोर घरात बसल्यालं मला बघवायचं न्हाई.' पुढं कधी खरीच वेळ आली तर काय, हेही विचारलं. 'तवाबी येऊ नगो म्हनावं. त्यो पोचंस्तवर माझा दहावा उरकंल.' हे त्यांचं म्हणणं, जसंच्या तसं लिहिलं. माझं वेगळं आहे, ते त्यांना सांगितलेलं नाही. आबांच्या नावानं, दादांच्या नावानं कितीही तारा आल्या तरी तुम्ही वर्ष पुरं करा, इथलं मी बघून घेते. पण खरी वेळ आली तर मी स्वतः नगरला जाईन आणि तार माझ्या नावानं करीन. लग्न होऊन आल्यापासून या घरात मला कुणी नावानं हाक मारलेली नाही, मग तारेवर ते दुसरं कोण घालणार? तेव्हा खाली 'मनकर्णा' दिसलं, की हातातलं काम तसंच टाका आणि निघा.

तुमचीच,
वहिनी